वनातून वर्गात, वर्गातून वनात

मराठीत ‘शिक्षा’ आणि ‘शिक्षण’ हे शब्द एकाच धातूपासून आलेले आहेत. पण रूढीने त्यांच्या वाटा इतक्या वेगळ्या केल्या की एकाचा अर्थ दंड झाला आणि दुसऱ्याचा विद्या. वनासंबंधीही आपल्या परंपरेत असेच दोन अर्थ शेजारी शेजारी नांदतात. रामाला आणि पांडवांना वनवास घडतो तो संकट म्हणून. आणि त्याच वनात ऋषींची तपोवनेही असतात, जेथे राजपुत्र विद्येसाठी जातात. शारीरिक, मानसिक वा बौद्धिक कारणांमुळे ज्या मुलांना शाळेत अधिक साहाय्याची गरज असते, त्यांना वनात नेऊन शिकविण्याचा युरोपातील इतिहास वाचताना हे दोन्ही अर्थ आम्हांला वारंवार आठवत राहिले. मुलाला वनात पाठविणे म्हणजे त्याला शिकायला पाठविणे, की वर्गाबाहेर काढणे? या इतिहासाच्या प्रत्येक टप्प्यावर हा प्रश्न उभा राहतो आणि प्रत्येक काळ त्याचे निराळे उत्तर देतो.

या वाचनाकडे आम्ही वळलो त्याला एक घरगुती निमित्त होते. काही वर्षांपूर्वी एम. ए.च्या वर्गात ना. धों. महानोरांचा ‘रानातल्या कविता’ हा संग्रह शिकवून झाल्यावर आम्ही विद्यार्थ्यांची एक सहल जवळच्या डोंगरातील रानात नेली. वर्गात एक अंध विद्यार्थी होता. वाट खडकाळ आहे, त्याला त्रास होईल, असा विचार करून आम्ही त्याला येऊ नकोस असे सुचविले. आणि तसे सुचविताना आपण त्याची काळजीच घेत आहोत, अशी आमची प्रामाणिक समजूत होती. दुसऱ्या दिवशी तो शांतपणे म्हणाला, “सर, काय दिसलं ते नका सांगू. ऐकू काय आलं ते सांगा.” आम्ही चौघे प्राध्यापक होतो. चौघांपैकी एकालाही धड उत्तर देता आले नाही. रानात जाण्यास अपात्र कोण होते, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मनात आहे.

या इतिहासाचा आरंभ उलट्या दिशेने होतो. त्यात मूल प्रथम वनात जात नाही; ते वनातून बाहेर आणले जाते. १८०० सालच्या जानेवारीत दक्षिण फ्रान्समधील आवेरों प्रांतात, सें-सेर्नें या गावाजवळ, अकरा-बारा वर्षांचा एक मुलगा रानातून बाहेर आला. त्याला बोलता येत नव्हते, आणि त्याने कित्येक वर्षे एकट्याने रानात काढली असावीत असे दिसत होते. त्याच वर्षी त्याला पॅरिसला आणून मूकबधिरांच्या राष्ट्रीय संस्थेत ठेवण्यात आले. मनोरुग्णांच्या उपचारात मोठे नाव असलेल्या फिलीप पिनेल यांनी त्याला तपासले आणि तो जन्मतःच मंदबुद्धी असून सुधारण्यापलीकडचा आहे, असा निर्वाळा दिला. झां इतार या सव्वीस वर्षांच्या तरुण डॉक्टरला हे मान्य झाले नाही. या मुलात जे उणे आहे ते माणसांचा सहवास न मिळाल्यामुळे उणे आहे. म्हणून योग्य शिक्षणाने ते भरून काढता येईल, असे त्याचे म्हणणे होते. ‘ओ’ या स्वराला मुलगा प्रतिसाद देतो असे लक्षात आल्यावर त्याने त्याचे नाव व्हिक्टर ठेवले, आणि मादाम गेरँ या बाईंच्या देखरेखीखाली त्याला शिकवावयास प्रारंभ केला.

इतारने लिहिलेले १८०१ आणि १८०६ चे दोन अहवाल विशेष शिक्षणाच्या इतिहासात आद्य ग्रंथांसारखे मानले जातात. फ्रान्स्वा त्रुफोने १९७० मध्ये त्यांवर चित्रपट काढला आणि इतारची भूमिका स्वतःच केली. धातूची अक्षरे जुळवून व्हिक्टर ‘दूध’ हा शब्द लिहावयास शिकला, वस्तू आणि तिचे नाव यांचा संबंध त्याला उमगू लागला, ही या प्रयोगाची प्रसिद्ध फलिते आहेत. आम्हांला मात्र त्या अहवालांतील दुसऱ्याच नोंदी महत्त्वाच्या वाटतात. हिमवर्षाव झालेला पाहून व्हिक्टर अर्धवट कपड्यांतच बागेत धावतो आणि बर्फात लोळतो. पाणी पिताना तो खिडकीशी उभा राहून बाहेरच्या माळाकडे पाहतो. चांदण्या रात्री जागा राहून निश्चल उभा असतो. मोंमोरन्सीच्या खोऱ्यात नेल्यावर टेकड्या आणि झाडी पाहून तो इतका व्याकूळ होतो, पळून जाण्यासाठी इतका अधीर होतो, की अशा कसोटीला त्याला पुन्हा घालावयाचे नाही, असे इतार ठरवितो. यापुढे शहरातल्या आखीव बागा, तेवढ्याच.

इतार क्रूर नव्हता. या सर्व नोंदी त्याच्याच हातच्या आहेत, आणि त्या त्याने हळुवारपणे केलेल्या आहेत. पण त्याच्या शिक्षणकल्पनेत वन ही शिक्षणाची विरुद्ध बाजू होती. मुलाचे लक्ष ज्या एका ठिकाणी आपोआप एकवटत होते ते ठिकाण शिक्षकाने वर्ज्य केले, आणि मग लक्ष एकाग्र करण्याचे धडे खोलीत दिले. व्हिक्टर बोलावयास कधीच शिकला नाही. काही वर्षांनी इतारने प्रयत्न थांबविले. मादाम गेरँबरोबर राहत असतानाच १८२८ मध्ये व्हिक्टरचे निधन झाले. तो स्वमग्न असावा, असा तर्क अलीकडच्या काही अभ्यासकांनी केला आहे. दोनशे वर्षांपूर्वीच्या मुलाचे निदान करण्यात आम्हांला रस नाही. पण त्याला कोणती जागा मानवत होती, हे त्याच्या शिक्षकाने लिहून ठेवले आणि तरीही ते वापरले नाही, ही गोष्ट विसरता येत नाही.

इतारचा वारसा त्याच्याबरोबर काम केलेल्या एदुआर सेगें याने चालविला, आणि त्या दोघांचे ग्रंथ मारिया माँटेसोरी यांनी अक्षरशः हाताने उतरवून काढून अभ्यासले. पुढे आपल्या शिक्षणपद्धतीवरील ग्रंथात निसर्ग आणि शिक्षण यांविषयी लिहिताना त्यांनी आवेरोंच्या त्या मुलाचीच गोष्ट आरंभी घेतली. मुलाला समाजासाठी घडविणे अपरिहार्य आहे हे त्यांना मान्य होते. परंतु त्यासाठी त्याच्याकडून जे काढून घेतले जाते त्यातले काही तरी बागकाम, रोपे आणि प्राणी यांच्या सहवासातून परत द्यावयास हवे, अशी त्यांची भूमिका होती. इतारने बंद केलेली खिडकी शंभर वर्षांनी थोडी किलकिली झाली, असे म्हणावयास हरकत नाही.

त्याच सुमारास जर्मनीत एका निराळ्या कारणासाठी शाळाच वनात गेली. बर्लिनलगतच्या, तेव्हा स्वतंत्र असलेल्या शार्लोटेनबुर्ग शहरात १ ऑगस्ट १९०४ रोजी पाइन वृक्षांच्या रानात ‘वाल्डशूले’, म्हणजे वनशाळा, सुरू झाली. शाळाखात्याचे हेर्मान नॉयफर्ट आणि बालरोगतज्ज्ञ बर्नहार्ड बेंडिक्स हे तिचे प्रमुख पुरस्कर्ते होते. रक्तक्षय, गंडमाळा, हृदयाचे वा फुप्फुसांचे सौम्य विकार यांनी क्षीण झालेली, आणि म्हणून अभ्यासात मागे पडलेली, गरीब वस्त्यांतील मुले येथे निवडून आणली जात. संसर्गजन्य रोग असलेल्यांना प्रवेश नव्हता. मुले सकाळी येत आणि संध्याकाळी घरी परतत. दिवसातून पाच वेळा खाणे, दुपारी उघड्यावर सक्तीची विश्रांती, आणि शिकविणे मात्र अवघे दोन-अडीच तास. तेही सुमारे पंचवीस मिनिटांच्या छोट्या तासिकांत, वीस-पंचवीस मुलांच्या वर्गात. मुलांची वजने ठरावीक दिवसांनी घेऊन नोंदली जात.

वजने वाढली, हे अपेक्षितच होते. अनपेक्षित होते ते असे की, नेहमीच्या निम्म्याच वेळात शिकूनही ही मुले आपल्या शाळेत परतल्यावर मागे पडली नाहीत, असे अहवाल देऊ लागले. युरोपभरच्या शिक्षणाधिकाऱ्यांची आणि डॉक्टरांची रीघ त्या रानाकडे लागली. १९०७ च्या उन्हाळ्यात लंडनच्या कौंटी कौन्सिलने शहराच्या आग्नेयेस बोस्टल वूड या झाडीत, एका सहकारी संस्थेच्या जागेवर, पहिली ‘खुल्या हवेतील शाळा’ तीन महिने चालविली. १९११ मध्ये बर्मिंगहॅम येथे कॅडबरी कुटुंबातील दांपत्याच्या साहाय्याने अशी कायमची शाळा बांधली गेली, तिच्या वर्गांच्या भिंती दुमडून बाजूला सारता येत.

या शाळांचे श्रेय कमी लेखण्याचे कारण नाही. क्षयावर औषध नव्हते त्या काळात अन्न, हवा आणि विश्रांती हीच औषधे होती, आणि ती ज्यांच्या घरी मिळत नव्हती त्यांना शाळेने दिली. परंतु येथे वन हे औषध होते, हे विसरता कामा नये. झाड दिसे ते फुप्फुसांसाठी. पाइनच्या सुया मोजून गणित शिकविले गेले असेलही. पण शाळेचे यश मापले जाई ते किलोग्रॅममध्ये. शिवाय बरे झालेले मूल कोठे परत जात असे? त्याच कोंदट खोलीत, त्याच चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात. लहान वर्ग, छोट्या तासिका आणि पोटभर जेवण यांनी दुबळे मूल शिकते, हे वनात सिद्ध झाल्यावर तोच नियम शहरातल्या शाळेला लावावा, असा निष्कर्ष काढणे कठीण नव्हते. तो काढला गेला नाही. श्रेय हवेला दिले गेले, आणि वर्ग होता तसाच राहिला.

यापेक्षाही गंभीर गोष्ट प्रवेशाची आहे. व्हिक्टर शंभर वर्षांनी जन्मला असता आणि त्याला कोणी शार्लोटेनबुर्गच्या किंवा बोस्टलच्या रानात आणले असते, तर त्याला घेतले असते काय? आम्हांला वाटते, नाही. या शाळा शरीराने दुबळ्या पण बुद्धीने ‘सामान्य’ मानलेल्या मुलांसाठी होत्या. इंग्लंडमधील कायदा ही विभागणी उघडपणे दाखवितो. १९४४ च्या शिक्षण कायद्यान्वये १९४५ मध्ये झालेल्या नियमांनी अपंग विद्यार्थ्यांचे अकरा प्रकार ठरविले; त्यांत अंध, बधिर, अपस्मारी यांच्या जोडीने ‘नाजूक’ हाही एक अधिकृत प्रकार होता. खुल्या हवेतील शाळांत जाणारे मूल ते हे. त्याच कायद्याने काही मुलांना मात्र ‘शिक्षणास असमर्थ’ ठरवून शिक्षणखात्याच्या कक्षेबाहेर, आरोग्यखात्याकडे सोपविण्याची तरतूद ठेवली होती. पिनेल यांचा १८०० मधला निर्वाळा दीडशे वर्षांनी कायद्याचे कलम होऊन बसला. ते कलम हटविणारा कायदा १९७० मध्ये झाला आणि १९७१ पासून अमलात आला. तोवर, जो वनातून आला त्याच्यासाठी वनशाळेचे दार बंदच होते.

या काळातील एका शिक्षिकेचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. लोटे कालिस्की या तरुण ज्यू शिक्षिकेला लहानपणी पोलिओ झालेला होता. शारीरिक अपंगत्वामुळे सरकारी शाळेत नोकरी मिळणे कठीण, म्हणून १९३२ मध्ये तिने बर्लिनमध्ये स्वतःचीच एक वनशाळा काढली. पुढच्याच वर्षी नाझी सत्तेवर आले. ज्यू मुलांना जर्मन शाळांतून घालवून देण्यात येऊ लागले तेव्हा ही शाळा त्यांचा आसरा झाली. १९३९ मध्ये ती बंद करण्यात आली. कालिस्की १९३८ मध्येच अमेरिकेस गेल्या होत्या, आणि तेथे, न्यूयॉर्क शहरात, त्यांनी शिकण्यात अडचणी असलेल्या मुलांसाठी शाळा उभी केली. त्याच जर्मनीत १९३३ च्या कायद्याने ‘आनुवंशिक रोगी’ ठरविलेल्यांची सक्तीने नसबंदी सुरू झाली होती, आणि मंदगती मुलांच्या साहाय्यक शाळांतील कित्येक विद्यार्थी तिला बळी पडले. वन पवित्र आणि माणूस अपवित्र मानणारी एक विचारसरणीही त्याच मातीत होती. वनप्रेम आणि करुणा या दोन गोष्टी आपोआप एकत्र येत नाहीत, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांनी तरी ध्यानात ठेवावयास हवे.

दुसऱ्या महायुद्धानंतर क्षयावर स्ट्रेप्टोमायसिन मिळाले, ब्रिटनमध्ये १९४८ मध्ये सार्वजनिक आरोग्यसेवा आली, १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला. औषध मिळाले तशी वनाची औषध म्हणून असलेली गरज संपली, आणि खुल्या हवेतील शाळा एकामागून एक मिटल्या वा बदलल्या. १९७८ मध्ये मेरी वॉरनॉक यांच्या समितीने मुलांचे प्रकार पाडणे सोडून त्यांच्या ‘विशेष शैक्षणिक गरजा’ पाहाव्यात, अशी शिफारस केली. १९८१ च्या कायद्याने ते अकरा प्रकार इतिहासजमा केले. स्कॉटलंडने २००४ मध्ये ‘अतिरिक्त साहाय्याची गरज’ हा त्याहून व्यापक शब्द कायद्यात आणला. हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. ‘नाजूक’ हे मुलाचे वर्णन आहे. ‘गरज’ म्हटले की ती पुरविणाऱ्याकडेही बोट जाते.

या बदललेल्या भाषेच्या काळात वन पुन्हा शिक्षणात आले, ते डेन्मार्कमार्गे. तेथे १९५० च्या दशकापासून लहान मुलांच्या वनातील बालवाड्या रुजल्या होत्या. १९९३ मध्ये इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्यातील ब्रिजवॉटर कॉलेजच्या बालशिक्षणाच्या विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी त्या पाहिल्या, आणि परत येऊन ‘फॉरेस्ट स्कूल’ सुरू केले. पुढे ही पद्धती ब्रिटनभर पसरली. तिची सूत्रे साधी आहेत. एकाच झाडीत आठवड्यामागून आठवडे, निरनिराळ्या ऋतूंत जावयाचे. मुलाच्या कुतूहलाने दिवसाची दिशा ठरू द्यावयाची. शेकोटी, चाकू, करवत, दोर ही खरी साधने शिक्षकाच्या नजरेखाली मुलाच्या हाती द्यावयाची. विशेष शाळांनी आणि स्वमग्न, अतिचंचल वा वाचनात अडखळणाऱ्या मुलांच्या शिक्षकांनी हा मार्ग आवर्जून स्वीकारला.

त्याची कारणे समजण्यासारखी आहेत. बंद खोलीत आवाज भिंतींवर आपटून परत येतो, ट्यूबलाइट डोळ्यांवर सतत असते, शेजारी वीतभर अंतरावर असतो. ज्याच्या संवेदना तीव्र आहेत त्या मुलाची निम्मी शक्ती हे सोसण्यातच खर्ची पडते. झाडीत त्याला दूर जाऊन बसता येते आणि तरीही तो गटातच असतो. शब्दांनी सांगता येत नाही ते ओंडका उचलून दाखविता येते. वर्गात ‘स्थिर बस’ हा नियम मोडणाऱ्याला चढउतारावर स्थिर बसण्याचे कामच नसते. लिझ ओब्रायन आणि रिचर्ड मरे यांच्या २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २४ मुलांचे सुमारे आठ महिने निरीक्षण केले होते. आत्मविश्वास, भाषा, एकाग्रता आणि परस्परांशी वागणे यांत चांगला फरक आढळला. चोवीस ही संख्या लहान आहे, आणि वन हा रामबाण उपाय आहे असे त्यावरून कोणी म्हणू नये. चाकांच्या खुर्चीला चिखल अडवितो. रोजच्या क्रमात बदल झाला की बिथरणाऱ्या मुलाला पहिले काही आठवडे झाडीच भीतिदायक वाटू शकते. म्हणूनच तेथे पुन्हा पुन्हा त्याच जागी जाण्यावर भर आहे.

पण जुना धोका येथेही संपलेला नाही. वर्गाला त्रास देणाऱ्या मुलाला गणिताच्या तासाला झाडीत धाडले आणि वर्गाने सुटकेचा निःश्वास सोडला, तर तो वनवासच. मग त्याला नाव कोणतेही द्या. उलट सगळा वर्ग झाडीत गेला, आणि खोलीत मागे असलेला मुलगा गाठ मारण्यात किंवा पाखराचा आवाज ओळखण्यात सर्वांच्या पुढे निघाला, तर शिक्षकाला त्याच्याविषयीचे आपले मत बदलावे लागते. आणि ते मत घेऊन शिक्षक खोलीत परत येतो. वनातील शिक्षणाची खरी कसोटी आम्हांला ही वाटते: मूल वनात किती बदलले याबरोबरच, परत आल्यावर वर्ग किती बदलला.

या कसोटीवर उतरणारे एक उदाहरण आपल्याकडेही आहे, आणि ते इतारच्याच परंपरेतून आलेले आहे. माँटेसोरींचे विचार गिजुभाई बधेका यांनी भावनगरला आपलेसे केले. ताराबाई मोडक तेथे त्यांच्याबरोबर काम करून महाराष्ट्रात परतल्या. १९४५ मध्ये त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले. १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. भोवती वारल्यांचे पाडे. या मुलांना वन दाखवावयास नेण्याची गरजच नव्हती. ती शाळेच्या वेळेला गुरे घेऊन कुरणात असत. तेव्हा ताराबाईंनी ‘कुरणशाळा’ काढली: गुरे चरत असताना, तेथेच, झाडाखाली शिकविणे. महागड्या साधनांऐवजी खडे, पाने, बिया आल्या.

ही मुले दिव्यांग नव्हती, आणि दोन वेगळ्या गोष्टी एका पिशवीत भरण्याचा आमचा हेतू नाही. गरिबीला अपंगत्व म्हणणे हा दोघांवरही अन्याय होईल. साम्य आहे ते शिक्षिकेच्या प्रश्नात. मूल शाळेत का बसत नाही, असे न विचारता शाळा मुलापाशी का बसत नाही, असे ताराबाईंनी विचारले. माँटेसोरींनी पॅरिसच्या त्या खोलीतून घेतलेला साधनांचा धडा कोसबाडला पोहोचला, आणि तेथे व्हिक्टरची खिडकी पूर्ण उघडली.

आपल्या देशात २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने शासनाच्या अनुदानावर वा मान्यतेवर चालणाऱ्या शिक्षणसंस्थांनी दिव्यांग विद्यार्थ्यांना इतरांच्या बरोबरीने शिक्षणच नव्हे, तर खेळ आणि मनोरंजनाच्या संधीही द्याव्यात, असे म्हटले आहे. त्यात सहल येते, हे कोणी आम्हांला समजावून सांगण्याची आवश्यकता असू नये. तो अंध विद्यार्थी केव्हाच पदवी घेऊन गेला. त्यानंतरच्या सहलीच्या आधी आम्ही चौघे एकदा त्याच वाटेने पुन्हा गेलो, या वेळी विद्यार्थ्यांवाचून. खडकाळ भाग जेमतेम दोनशे पावलांचा निघाला. खांद्यावर हात ठेवून कोणीही तो पार करू शकला असता. वर पोहोचल्यावर आम्ही काही वेळ न बोलता बसलो. वाळलेल्या पानांचा, दूरच्या गुरांच्या घंटांचा आणि झाडाच्या खोडावर टोच मारणाऱ्या कुठल्याशा पक्ष्याचा आवाज येत होता. त्या पक्ष्याचे नाव आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते. त्याला कदाचित असते.